चौदा बाटल्या आणि एक जादा रेघ

माझ्या निवृत्तीला दहा महिने उरले होते आणि माझ्या नावावर एकही शोध नव्हता.

हे वाचून कुणी हळहळू नये. शोधनिबंध होते, भरपूर होते. विभागातलं एक लोखंडी कपाट त्यांनी असं भरलं होतं की त्याचं दार लागायचं नाही. पण त्या सगळ्यांचं सार एकच होतं: जगात इतरत्र जे आढळलं, ते आमच्या धाराशिव जिल्ह्यातही आढळतं. जोंधळ्याच्या दाण्यातली प्रथिनं मोजली, ती इतर ठिकाणच्या जोंधळ्यासारखीच निघाली. उसाच्या रसातलं एक विकर तपासलं, तेही पुस्तकात लिहिल्याप्रमाणं शहाण्यासारखं वागलं. मग आमच्या जिल्ह्याच्या नावाजलेल्या शेळीकडं वळले, तर तिच्यावर आधीच इतक्या जणांनी पीएचडी मिळवली होती की माझ्या वाट्याला जेमतेम एक तळटीप आली. जनुकशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं गेली, आणि मी दुसऱ्यांच्या शोधांवर सही करणारी कायमची साक्षीदार होऊन बसले.

माहेर माझं लोहारा तालुक्यात. वडील शेती करायचे. दर दिवाळीला ते ओसरीत बसून विचारायचे, "काय सापडलं का गं यंदा?" जणू माझं कानातलं कुठं पडलंय आणि मी ते हुडकतेय. मी म्हणायची, "नाही दादा, अजून बघतेय." ते गेले तेव्हाही मी बघतच होते. त्यामुळं निवृत्तीआधी एक, फक्त एक गोष्ट स्वतःची सापडावी, अशी मला हाव सुटली होती. तिला जिज्ञासा वगैरे गोंडस नाव देण्याचं कारण नाही.

म्हणून मी म्हशींकडं गेले.

भूम भागात घरटी म्हैस आणि गावागावात खव्याची भट्टी. तिथं सगळे सांगतात की अमक्या घरच्या दुधाला खवा जास्त पडतो आणि तमक्याच्या दुधाला कमी. मला वाटलं, यामागं दुधातल्या प्रथिनाचा काही वेगळा प्रकार असेल, आणि तो आईबापांकडून वासरात उतरत असेल. अंदाज तसा बरा होता. विद्यापीठाची गाडी मागून घेतली आणि भूमच्या अलीकडच्या एका गावात जाऊन पोचले.

तिथली भट्टी एक काकू चालवायच्या. माझ्याच वयाच्या, पण दंड माझ्या दुप्पट. पहाटेपासून कढईत खुरपं फिरवून झालेलं असलं की दंड तसे होणारच. त्यांचं घर धरून गावातली चौदा घरं त्या भट्टीला दूध घालत. त्यांनी मला पाट दिला, ताटलीत गरम खव्याचा गोळा दिला, वर साखर भुरभुरली. मी दोन ताटल्या संपवल्या. मग पिशवीतून चौदा बाटल्या काढल्या, प्रत्येकीवर आकड्याची चिठ्ठी, आणि वर्गात सूचना देतात त्या आवाजात म्हटलं, "एका घरच्या म्हशीचं दूध एका बाटलीत. मिसळायचं नाही. उद्या सकाळी आमचे मामा न्यायला येतील."

"कशाला पायजे म्हणायचं?" काकूंनी विचारलं.

"तपासायचंय," मी म्हणाले.

काकूंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटलं, हा शास्त्राविषयीचा आदर. विद्यापीठात मूल्यांकन समिती येणार होती, तिची बैठक दुपारी होती, म्हणून मी तशीच गाडीत बसले. गोठ्यात पाय ठेवला नाही, एका म्हशीचं तोंड पाहिलं नाही.

आमचे मामा म्हणजे प्रयोगशाळेतले परिचर. काचसामान धुणं, मांडणं, फोडणं आणि फुटलेलं माझ्या नजरेआड करणं ही त्यांची कामं, आणि ती ते वीस वर्षं चोख करत होते. दुसऱ्या दिवशी ते बर्फाची पेटी घेऊन एसटीनं गेले आणि दुपारी चौदा भरलेल्या बाटल्या घेऊन आले.

आता दुधातली प्रथिनं वेगळी कशी करतात ते थोडक्यात सांगते, म्हणजे माझा मूर्खपणा नीट कळेल. जेलीचा एक पातळ थर असतो, त्याला आम्ही जेल म्हणतो. त्याच्या एका कडेला खाचा. प्रत्येक खाचेत एकेका म्हशीच्या दुधाचा थेंब सोडायचा आणि थरातून वीज सोडायची. प्रथिनं जेलीतून सरकू लागतात, कुणी लांब जातं, कुणी मागं रेंगाळतं. मग निळ्या रंगात बुडवलं की जे जिथं थांबलं तिथं त्याची रेघ दिसते. म्हशीच्या दुधात एका ठिकाणी एक रेघ दिसायला हवी, असं सगळी पुस्तकं सांगत होती.

मला तिथं दोन दिसल्या. एक नेहमीची आणि तिच्या किंचित वर एक जादा. तीही एका म्हशीत नाही, चौदाच्या चौदांत! पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केलं, तेच. चौदा जोड्या शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहाव्यात तशा ओळीत उभ्या होत्या.

मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. विभागप्रमुखांच्या खोलीत धावत गेले. कुलगुरूंना निरोप धाडला. हैदराबादला एक परिषद होती, तिथं भाषण मागून घेतलं आणि ते मिळालंही. मनातल्या मनात त्या प्रथिनाला जिल्ह्याचं नाव देऊन टाकलं. स्थानिक वर्तमानपत्राच्या एका वार्ताहरानं फोटो काढायला बोलावलं तेव्हा मी आदल्या दिवशी केस रंगवले. भाषणासाठी एक नारायणपेठ साडीही घेतली. तिचे काठ जेलच्या रंगाशी जुळतात, हे दुकानदाराला समजावून सांगताना मी फार खूश होते.

एवढ्या गडबडीत मामा एक दिवस जेलचा फोटो निरखत उभे राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "एकाच पातेल्यातलं चौदा वाट्यांत वाढल्यावानी दिसतंय ह्ये."

"मामा, तुम्ही नळ्या धुवा," मी म्हणाले.

त्यांनी नळ्या धुतल्या. दोन दिवसांनी मी पहिल्या वर्षाच्या वर्गात वाटाण्याचं गणित शिकवत होते. तीस वर्षं शिकवतेय, झोपेतही शिकवेन. प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. आईबाप दोघंही मिश्र असले, तर मुलं सगळी मिश्र होत नाहीत. काहींना दोन्ही प्रती एकाच जातीच्या मिळतात, काहींना दुसऱ्या जातीच्या, आणि उरलेली मिश्र. फळ्यावर चौकट काढली, तिच्यात अक्षरं भरली आणि खडू तिथंच थांबला.

जादा रेघ म्हणजे वेगळ्या प्रकारची प्रत. दोन रेघा म्हणजे मिश्र म्हैस. आणि माझ्या चौदाही म्हशी मिश्र होत्या. अख्ख्या गावात एकही साधी नाही, एकही पुरती वेगळी नाही. हे होऊ शकत नाही. जी गोष्ट मी दर वर्षी जूनमध्ये अठरा वर्षांच्या पोरापोरींना सांगते, ती माझ्या स्वतःच्या टेबलावर महिनाभर पडली होती आणि मला ती दिसली नव्हती. मी वर्गाला म्हटलं, माझं डोकं दुखतंय, तुम्ही जा. वर्गानं या बातमीचं मनापासून स्वागत केलं.

त्याच दुपारी मामांना घेऊन एसटीनं भूम गाठलं आणि तिथून जीपनं गाव. काकू कढई घासत होत्या.

"काकू, त्या चौदा बाटल्यांत कुणाचं दूध होतं?"

"म्हशीचं," त्या म्हणाल्या.

"कोणत्या म्हशीचं?"

त्यांनी घासणं थांबवलं. "माझ्या," त्या म्हणाल्या. "एकीचंच. चांगलं दाट दूध हाय तिचं. तुमास्नी वाईट कसं द्यायचं?"

"पण मी प्रत्येक घरचं वेगळं मागितलं होतं!"

"अवो मॅडम, तुमी तपासणार म्हणलात. दुधात तपासत्यात काय? पाणी. हितली निम्मी घरं दुधात पाणी घालत्यात. मला ठावं हाय, त्यास्नी बी ठावं हाय. खवा कमी पडला की म्या बोलते, ती ऐकत्यात, आमचं आमी बघून घेतो. पर सरकारी गाडीतनं आलेल्या बाईच्या हातात समद्या गावाची अब्रू द्यायची व्हय?"

"मी सरकारी नाही. विद्यापीठाची आहे."

"गाडीवर लिवल्यालं समदं सारखंच दिसतं बगा."

मला पाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. दुधात निम्मी विहीर ओतली असती तरी माझ्या रेघा जागच्या हलल्या नसत्या. हे त्यांना समजावून सांगता आलं असतं. त्याऐवजी मी भडकले. तुमच्यामुळं माझं वाटोळं झालं, असं म्हणाले. दहा महिन्यांचं, हैदराबादचं, साडीचं, सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फोडलं. निघताना त्यांनी पानात बांधलेला खवा पुढं केला, तो मी घेतला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

परतीच्या एसटीत मामांनी आधी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "मॅडम, तुमी त्या बाईला काय हुडकताय ते सांगितलंच न्हाय."

मी पर्समधले सुट्टे पैसे मोजायला घेतले.

"मलाबी न्हाय सांगितलं," मामा म्हणाले. "ईस वर्सं नळ्या धुतोय."

तो माणूस तक्रार करत नव्हता, नुसती माहिती देत होता. मला मात्र गाडी थांबवून उतरावंसं वाटलं. इतकी वर्षं मी शिकवलं ते फी भरून आलेल्यांना. जो रोज माझ्या शेजारी उभा होता त्याला एकदाही नाही. मग धाराशिव येईपर्यंत मी मामांना सांगितलं: प्रती म्हणजे काय, आईची कोणती, बापाची कोणती, रेघ कशानं सरकते. त्यांनी मला तीनदा अडवलं आणि तिन्ही वेळा त्यांची शंका बरोबर होती. सोळा एमएस्सीच्या तुकड्यांत इतक्या नेमक्या शंका मला कुणी विचारल्या नव्हत्या.

घरी आल्यावर परिषदेला कळवलं की प्रकृतीच्या कारणानं भाषण देता येणार नाही. हे खोटं होतं. प्रकृती उत्तम होती, नाक तेवढं कापलं गेलं होतं. कुलगुरूंना निरोप धाडायचं धाडस झालं नाही. संपलं, असं मी धरून चालले. नऊ महिने उरले होते, त्यांत कपाटाचं दार दुरुस्त करून घ्यावं म्हणजे काहीतरी केल्यासारखं होईल, असं ठरवलं.

आठवड्यानं सकाळी प्रयोगशाळेच्या दारात काकू उभ्या. डोक्यावर पदर, हातात दुधाचं कॅन, आणि कॅनमध्ये बर्फात रोवलेल्या चौदा बाटल्या. मामांनी माझ्या माघारी रिकाम्या बाटल्या धाडल्या होत्या आणि त्यांना फोन करून सगळं समजावलं होतं. खरं तर माझ्यापेक्षा चांगलं समजावलं असावं.

"घ्या," काकू म्हणाल्या. "चौदा घरं, चौदा म्हशी. दोन दिस सकाळच्या धारंला हरेक गोठ्यात म्या जातीनं हुबी राहिले. धार थेट बाटलीत. हितं पाण्याचा सवालच न्हाय."

"पण लोक तयार कसे झाले?"

"सांगितलं की बाई पाणी बगत न्हाय, म्हशीचं घराणं बगती. सोयरीक करताना बगत्यात तसं. मग काय, समदी पुढं! भट्टीला दूध न घालणारी बी दोन घरं रुसली, आमच्या म्हशीचं घराणं काय कमी हाय का म्हणून. बाटल्याच सरल्या, काय करू?"

तीस वर्षांत जनुकशास्त्राची यापेक्षा सोपी व्याख्या माझ्या कानावर पडली नव्हती. मला हसू आलं, आणि गेल्या भेटीतलं माझं बोलणं आठवून रडूही आलं. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, कढईपाशी आमीबी तापतो."

आम्ही कामाला लागलो. चिठ्ठ्यांवरचे आकडे काकूंनी वाचले, थेंब मी सोडले, वीज मामांनी चालू केली. प्रथिनं सरकत होती तोवर आम्ही तिघांनी वजनकाट्याच्या टेबलावर काकूंची भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. तिथं खायला सक्त मनाई आहे, तशी पाटी मीच लावलेली आहे. दुपार उलटल्यावर जेल रंगात घातला, धुतला आणि दिव्यावर धरला.

तेरा ठिकाणी एक रेघ. एका ठिकाणी दोन.

"ही कुणाची?" काकूंनी विचारलं. मामांनी आकडा ताडून पाहिला. काकूंचीच म्हैस होती.

म्हणजे जादा रेघ खरी होती! गावभरात नाही, कळपात नाही, एका म्हशीत. पण खरी. काकूंचा चेहरा आधी उजळला आणि मग हळूहळू उतरला.

"फकस्त माझ्याच म्हशीत?"

"हो."

"आन् बाकी तेरा घरं?"

"त्यांच्या म्हशी साध्या आहेत."

काकूंनी पदर सावरला. "मॅडम, माझं ऐका," त्या म्हणाल्या. "समद्यांत हाय म्हणून सांगा. त्यांनी इस्वासानं दूध दिलंय. एकटीच्याच म्हशीचं घराणं मोठं निगालं आसं म्या कुठल्या तोंडानं सांगू? आन् तुमचंबी काम हुईल. तुमी तर आधी तसंच सांगत हुता की."

मामा खोकले.

मला मोह झाला, हे कबूल करते. महिनाभर मी जे म्हणत होते तेच ही बाई आता हात जोडून मला म्हणायला सांगत होती. आधीचे तिन्ही जेल ड्रॉवरमध्ये होते. भूमच्या गोठ्यांत पुन्हा बाटल्या घेऊन कोण जाणार होतं? मला हवी ती गोष्ट समोर होती, आणि ती घेतली तर ज्यांना कळलं असतं अशी दोनच माणसं जगात होती, आणि दोघंही माझ्याच बाजूची.

"नाही काकू," मी म्हणाले. "नाही सांगता येणार."

"मग तुमच्याकडं ऱ्हायलं काय?"

"एक म्हैस."

काकूंनी जेलकडं पुन्हा एकदा वाकून पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "मग खरं ते घरोघर जाऊन सांगावं लागंल. म्या एकटी न्हाय जायची. तुमी संगं या."

त्या रात्री मी परिषदेला खरं कारण कळवलं: नमुने घेताना मुख्य संशोधिका हजर नव्हती, चूक तिची आहे. गावाचा आणि पाण्याचा उल्लेख केला नाही. पुढं एका म्हशीवर एकपानी टिपण छापून आलं, नमुने गोळा करणाऱ्या लेखिका म्हणून काकूंचं नाव माझ्या आधी घालून. पण ते नंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भूमची एसटी धरली.

तेरा दारं केली. प्रत्येक दारात सगळं घर उभं, मुलीला बघून गेलेल्यांचा निरोप ऐकायला उभं राहतं तसं. प्रत्येक दारात मी सांगितलं की तुमची म्हैस गुणी आहे, पण ती जादा रेघ तिच्यात नाही. कुणी मान हलवली, कुणी काकूंकडं तिरकं पाहिलं, आणि चहा सगळ्यांनी दिला. नववा कप झाल्यावर मी मोजणं सोडलं.

शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवला.

"मला न्हाय पटत," त्या म्हणाल्या. "त्या दिशी म्हैस आजारी हुती. परत बगा."

"आजी, आजारानं रेघ बदलत नाही."

"तुमी बगितलंय का आजारी म्हशीचं?"

नव्हतं बघितलं. पुस्तकात वाचलं होतं. काकू त्यांना समजवायला पुढं झाल्या, तर आजींनी त्यांनाही हातानं थोपवलं आणि माझ्याच डोळ्यांत बघत उत्तराची वाट पाहत राहिल्या. माझे इतके निबंध छापून आले, पण माझा निकाल कुणी इतका मनाला लावून घेतला नव्हता, त्यावर कुणी असं भांडलं नव्हतं. मला फार आनंद झाला. साडीचा ओचा खोचला, गोठ्यात म्हशीच्या कुशीशी उकिडवी बसले आणि काकूंकडून रिकामी बाटली मागून घेतली.